कळमन्याहून समुद्रतळाकडे

नागपूर शहराच्या पूर्वेस जे कळमना, तेथे आम्ही निवृत्तीनंतर एक लहानसे घर बांधून राहिलो आहोत. ज्यांनी हे ठिकाण पाहिले नसेल त्यांस त्याची ओळख बाजाराच्या नावाने पटते. कृषी उत्पन्न बाजार समितीचे विस्तीर्ण आवार येथेच आहे. पहाटेपासून मालमोटारींची रीघ लागते. आंबिया बहाराच्या दिवसांत संत्र्यांचे ढीग पाहून डोळे निवतात, आणि मिरचीचा हंगाम सुरू झाला की तेच डोळे झोंबू लागून शिंकांनी माणूस बेजार होतो. पलीकडे कळमन्याचे रेल्वेस्थानक. हावड्याच्या मार्गावरील गाड्यांच्या शिट्ट्या रात्रभर ऐकू येतात. धान्य, फळे, कांदे-बटाटे, जे म्हणाल ते येथे येते आणि काट्यावर चढून दुसरीकडे जाते. एक समुद्र तेवढा येथे नाही. कोणत्याही दिशेने निघालात तरी पाचशे किलोमीटरांच्या आत तो भेटावयाचा नाही. शिवाय आपण त्याच्या पृष्ठभागाहून सुमारे ३१० मीटर उंचीवर राहतो, ते निराळेच.

अशा या गावी, मिरचीच्या पोत्यांच्या शेजारी, समुद्राच्या तळाशी जाण्याची तयारी एका घरात वर्षभर चालली होती आणि ते घर आमचेच होते, असे सांगितले तर वाचकांस थट्टा वाटेल. परंतु हकीकत खरी आहे.

आमचे धाकटे चिरंजीव व्यवसायाने अभियंता. पाचसहा वर्षांपूर्वी ते मित्रांबरोबर मालवणास गेले असता तारकर्लीच्या समुद्रात त्यांनी पाठीवर हवेचे नळकांडे बांधून पहिली बुडी घेतली. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या या समुद्राचा काही भाग १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे, आणि तारकर्लीस राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकविणारी संस्थाही आहे. तेथील प्रवाळ आणि मासे पाहून चिरंजीव परतले ते अर्धे तिकडचेच होऊन. पुढे दर वर्षी सुटी काढून त्यांनी रीतसर शिक्षण घेतले, साठाहून अधिक बुड्यांची नोंदवही भरली, आणि एके दिवशी जेवताना सहज म्हणाले, "बाबा, आता टेक्निकल डायव्हिंग सुरू करावे म्हणतो."

आमच्या कुटुंबाने त्याचा अर्थ विचारला. आम्ही शाळेत तीस वर्षे संस्कृत शिकविलेले, सवयीने उत्तर दिले, "तांत्रिक निमज्जन." 'तांत्रिक' हा शब्द कानी पडताच त्यांच्या हातातील वाढणी थबकली. मंत्रतंत्र, स्मशान आणि त्यात पाणी! तो गैरसमज दूर करता करता खरा अर्थ कळला, आणि तो त्यांस स्मशानाहून बरा वाटला नाही. हौशी पाणबुड्याची मर्यादा ४० मीटर खोलीची असते, आणि कोणत्याही क्षणी थेट वर येता यावे अशा बेताने तो उतरतो. तांत्रिक पाणबुड्या ही मर्यादा ओलांडतो; खाली इतका काळ राहतो की मध्येच वर येणे त्यास शक्य नसते. डोक्यावर पाणी असूनही जणू छत असल्याप्रमाणे त्यास वागावे लागते. निवतीच्या खडकांजवळ नौदलाची निवृत्त नौका 'गुलदार' समुद्रतळी ठेवण्याची योजना वर्तमानपत्रांत आल्यापासून चिरंजीवांस बुडालेल्या जहाजांचा ध्यास लागला होता. आणि जहाजाच्या पोटात शिरणे म्हणजे खरोखरीचे छत डोक्यावर घेणे होय.

त्या रात्री कुटुंब आम्हांस म्हणाले, "तुमचा शब्द तो मोडणार नाही. नाही म्हणा." सूनबाई काही बोलल्या नाहीत, परंतु त्याही दाराआड उभ्या होत्या.

येथे आमच्या मनातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमचे बालपण काटोलकडच्या संत्र्यांच्या बागांत गेले. आम्ही दहा वर्षांचे असताना आमचा वर्गमित्र आमच्या देखत विहिरीत पडला. काठावर आम्ही पाचजण होतो. पोहता कोणासही येत नव्हते. दोर आणावयास जो धावला तो आला तोपर्यंत पाणी शांत झाले होते. त्या दिवशी आईने शपथ घातली, आणि तेव्हापासून कंबरेहून खोल पाण्यात आम्ही पाऊल टाकलेले नाही. तेव्हा 'नाही' हा शब्द आमच्या जिभेवर तयारच होता. परंतु ज्या विषयाचे काडीचेही ज्ञान नाही त्यात निकाल देणे हे मास्तरास शोभत नाही. आम्ही चिरंजीवांस म्हटले, "एक महिना दे. आधी आम्हांस शिकव. मग आम्ही काय ते सांगू."

पहिल्याच पाठात आमचे अज्ञान उघडे पडले. संध्येतला प्राणायाम आम्ही नित्य करतो. आमची समजूत अशी की पाणबुड्याची सारी विद्या म्हणजे दीर्घ कुंभक. चिरंजीव हसून म्हणाले, "बाबा, श्वास कधीही रोखून धरायचा नाही, हा आमचा पहिला नियम." कारण असे की समुद्रात दर १० मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. ३० मीटरांवर तो भूपृष्ठाच्या चौपट. तेथे भरून घेतलेला श्वास कोंडून कोणी वर आला तर ती हवा फुगत फुगत चौपट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटते. म्हणजे पूरक आणि रेचक यांची अखंड लय, कुंभकास मज्जाव! साठी उलटल्यावर आम्ही हा नवा प्राणायाम शिकलो.

दाबाचे दुसरे परिणाम अधिक कपटी आहेत. आपण श्वासात घेतो त्या हवेत चार पंचमांशांच्या जवळपास नत्रवायू असतो. खोल पाण्यात तो रक्तात व मांसात विरघळतो, आणि माणूस घाईने वर आला तर सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे अंगात होतात. त्याने सांधे दुखतात, प्रसंगी पक्षाघात होतो, मृत्यूही येतो. हाच नत्रवायू ३० मीटरांच्या पुढे मद्यासारखा चढू लागतो, म्हणून फार खोल जाणारे त्यात हेलियम मिसळतात. आणि ज्यास आपण प्राणवायू म्हणतो तोही दाबाखाली विषवत् होऊन आचके आणतो. शुद्ध प्राणवायू ६ मीटरांहून खोल वापरीत नाहीत. फ्रान्सच्या पॉल बेर याने १८७८ साली या गोष्टी ग्रंथरूपाने मांडल्या. पुढे १९०८ साली जे. एस. हाल्डेन याने बोकडांवर प्रयोग करून, वर येताना कोठे किती थांबावे याची कोष्टके तयार केली. त्याचेच पुत्र जे. बी. एस. हाल्डेन, यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वतःच्या देहावर दाबाचे प्रयोग करून घेतले, १९५७ साली ते हिंदुस्थानात येऊन राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वरास वारले. खोलीवर वीसपंचवीस मिनिटे काढली तर वर येण्यास त्याहून अधिक वेळ लागू शकतो. दर ३ मीटरांवर थांबत, घड्याळ पाहत, निमूटपणे लटकत राहावे लागते.

हे सर्व ऐकून आमची भीती कमी झाली नाही, पण तिला आकार आला. विहिरीच्या काठावर जी भीती होती ती आंधळी होती.

अशातच सामानाचा प्रश्न निघाला, आणि तेथे चिरंजीवांकडून चूक घडली. हौसेच्या भरात त्यांनी कोणा परगावच्या विक्रेत्याकडून पोलादी जोडसिलिंडर जुने म्हणून स्वस्तात घेतले. बारा बारा लिटरांची ती जोडगोळी, पिवळ्या रंगाने चकचकीत, मालमोटारीतून कळमन्यास आली. विक्रेत्याचे म्हणणे, "नव्यासारखीच आहेत." चाळीस हजार उत्तरपत्रिका तपासलेल्या आमच्या डोळ्यांस तो रंग जरा जाड वाटला. सिलिंडरच्या खांद्यावर त्याची जन्मपत्रिका कोरलेली असते: निर्मात्याची खूण, वजन, दाब, आणि जलदाबाच्या परीक्षेची तारीख. आम्ही भिंग घेऊन बसलो, रंग खरवडला, आणि परीक्षेची मुदत केव्हाच सरून गेल्याचे दिसले. २०० वातावरणांच्या दाबाने भरलेले सिलिंडर फुटले तर तो बॉम्बच होय. म्हणूनच आपल्या देशात सिलिंडरांचे उत्पादन, आयात व भरणा या सर्वांस २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांचे बंधन आहे. आणि गंमत अशी की त्या नियमांचा अंमल पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आमच्या नागपुरातच, सेमिनरी हिल्सवर आहे. समुद्राच्या तळाशी जाणाऱ्याच्या पाठीवरील नळकांड्याचा धर्मशास्त्री समुद्रापासून इतका दूर बसलेला आहे, हे आम्हांस तोवर ठाऊक नव्हते.

विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. चिरंजीव दोन दिवस खिन्न होते; नंतर त्यांनी आपल्या वहीत एक वाक्य लिहिले आणि आम्हांस दाखविले: 'गुरू आधी, सामान मागून.' आम्ही त्याखाली लाल शाईने बरोबरची खूण केली.

पुढे सर्व क्रम बदलला. प्रथम वैद्यकीय तपासणी झाली: कान, फुप्फुसे, हृदय. नंतर शिक्षकाचा शोध. हे शिक्षण अठरा वर्षांखालील मुलास देत नाहीत, आणि प्राथमिक पायरीसही पंचवीसतीस बुड्यांची नोंद मागतात. ज्या शिक्षकाकडे शिकावयाचे त्याची मांडणी कोणती हे पाहूनच सामान घ्यावे. नाही तर घेतलेले टाकून द्यावे लागते. चिरंजीवांनी पुदुच्चेरीचे एक शिक्षक निवडले. त्यांनी पत्रात लिहिले की सिलिंडर विकत घेऊच नका, ती येथे भाड्याने मिळतील. जे चेहऱ्यास, श्वासास आणि बुद्धीस लागते ते स्वतःचे असू द्या.

त्याप्रमाणे एकेक वस्तू घरी आली. चेहऱ्यास चपखल बसणारा मास्क, आणि तो हरवला तर खिशात दुसरा. अनेक वायुमिश्रणांचा हिशेब ठेवणारा मनगटी कॉम्प्युटर, आणि तो बंद पडला तर दुसरा. तोही बंद पडला तर पाटीवर पेन्सिलीने लिहिलेले कोष्टक. पाठीस धातूची पट्टी आणि तिच्यामागे हवेने फुगणारी पिशवी. दोन दिवे, दोन कापण्याची हत्यारे, दोरीची फिरकी, वर येताना पृष्ठभागावर सोडावयाची केशरी पिशवी. चिरंजीव सांगत, "एकच असले तर ते नाहीच असे समजायचे." दोन रेग्युलेटर, स्क्रूने आत बसणारे, कारण चिमट्याने वरून बसणाऱ्यांपेक्षा ते आघातात अधिक टिकतात. शुद्ध प्राणवायूशी संबंध येणाऱ्या भागांस तेलाचा थेंबही चालत नाही. दाबाखाली तो पेट घेतो. हे कळल्यापासून फोडणीच्या हाताने त्या कपाटास शिवावयाचे नाही असा दंडक कुटुंबाने स्वतःच घातला. त्यांच्या सोवळ्याच्या कपाटाइतकेच ते कपाट पवित्र झाले.

त्या सामानात एका वस्तूने आमचे मन जिंकले. दोन रेग्युलेटरांपैकी एकाची नळी सात फूट लांब असते. तोच पाणबुड्याच्या तोंडात असतो. दुसरा गळ्याशी लवचीक पट्टीत अडकविलेला. जोडीदाराची हवा संपली तर त्यास दुसरा द्यावयाचा नाही. आपल्या तोंडातला काढून द्यावयाचा. कारण तो चालू आहे याची खात्री असते, आणि बुडणाऱ्यास खात्रीचेच दिले पाहिजे. आपण मग गळ्याजवळचा घ्यावा. तोंडचा घास काढून देणे हे आपण मराठीत बोलतो. येथे त्याचे यंत्र करून ठेवले आहे. आम्हांस काठावरचे ते पाचजण आठवले. आमच्यापाशी देण्यास काहीच नव्हते.

मुदत टळलेली ती सिलिंडरे वाया गेली नाहीत. ती पूर्ण रिकामी करून एकदा आम्ही बाजारात ओळखीच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर चढविली. जोडणीसह वजन तीस किलोच्या थोडे पुढे भरले. आम्ही म्हटले, "हवा भरली की आणखी सहा किलो." व्यापारी डोळे मोठे करून म्हणाला, "हवेलेबी वजन रायते का जी, गुरुजी?" आम्ही तेथेच खडूने हिशेब मांडला. चोवीस लिटरांत २०० पट दाबलेली हवा म्हणजे ४८०० लिटर. लिटरास सुमारे सव्वा ग्रॅम. एकूण सहा किलोच्या आसपास. पाणबुडा ही हवा श्वासाने संपवीत जातो तसतसा हलका होतो, आणि शेवटी, जेव्हा ३ मीटरांवर स्थिर थांबणे प्राणाशी गाठ असते, तेव्हाच तो वर उचलला जाऊ लागतो. म्हणून कंबरेचे वजन आरंभास अनुसरून नव्हे, शेवटास अनुसरून ठरवावयाचे. व्यापारी मान डोलवून म्हणाला, "म्हणजे सुकल्यावर मिरची किती भरंल, ते पाहूनच सौदा." याहून चांगले भाष्य आम्हांस करता आले नसते.

मग ती सिलिंडरे गच्चीवर गेली. रोज सायंकाळी चिरंजीव पालथे एका अरुंद बाकावर पडत, पाठीवर ते ओझे, आणि आम्ही घड्याळ हाती घेऊन ओरडत असू, "उजवा फुटला!" की त्यांनी डोक्यामागे हात नेऊन उजव्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावयाचा, श्वास डाव्यावर घ्यावयाचा, जोडीदारास खूण करावयाची. दोन सिलिंडरे एका आडव्या नळीने जोडलेली असतात. तीत मधोमध तिसरा व्हॉल्व्ह, जेणेकरून एका बाजूस गळती लागली तरी निम्मी हवा वाचावी. प्रथम त्यांचे हातच पोहोचत ना. दोन महिने खांद्यांचे व्यायाम व सूर्यनमस्कार घातले, तेव्हा डोळे मिटूनही बोटे अचूक जाऊ लागली. शेजारची मुले कठड्यावर बसून हा तमाशा पाहत, पुढे तीच "डावा फुटला!" म्हणून ओरडू लागली.

या वेळी आम्ही एक प्रश्न विचारला, जो महिनाभर मनात होता. "इतके नियम कोणी केले? आणि जे ते पाळतात ते मरत नाहीत काय?" चिरंजीवांनी काही न लपविता उत्तर दिले. अमेरिकेत फ्लॉरिडा प्रांती शेक एक्सली नावाचा गणिताचा शिक्षक होता. पाण्याने भरलेल्या गुहांत किती माणसे कशी मेली याचा त्याने शोध घेतला आणि १९७९ साली एक छोटी पुस्तिका लिहिली. दोरी सोडू नये; आपल्या शिक्षणास न झेपणाऱ्या खोलीवर जाऊ नये; आणि हवेचे तीन भाग करावेत, एक जाण्यास, एक येण्यास, आणि तिसरा न शिवता जोडीदारासाठी राखावा. या नियमांनी पुष्कळांचे प्राण वाचविले. तोच एक्सली १९९४ साली मेक्सिकोतील साकातोन नावाच्या अथांग डोहात विक्रमी खोली गाठताना वारला.

आमच्याच व्यवसायातला तो माणूस. आम्ही बराच वेळ गप्प होतो. शेवटी चिरंजीव म्हणाले, "बाबा, म्हणूनच आमचा एक नियम सगळ्यांच्या वर आहे. कोणत्याही पाणबुड्याने, कोणत्याही बुडीत, कोणत्याही क्षणी अंगठा वर केला की बुडी संपली. कारण विचारायचे नाही. वर आल्यावरही टोमणा मारायचा नाही." आम्ही म्हटले, "अंगठा वर करणे म्हणजे तर ठीक आहे असे ना?" ते म्हणाले, "जमिनीवर. पाण्यात त्याचा अर्थ एकच: वर चला."

तेव्हा आमचा निकाल ठरला. ही सगळी जोडनळ्या-जोडदिव्यांची मांडामांड माणसास खोल नेण्यासाठी आहे असे आम्ही समजत होतो. वस्तुतः ती त्यास परत आणण्यासाठी आहे. परंतु परत फिरण्याची बुद्धी कोणत्याही दुकानात मिळत नाही, आणि ती चिरंजीवांपाशी आहे किंवा नाही हे गच्चीवरून कळणे शक्य नव्हते. आम्ही एवढेच म्हटले, "जा. पण खोली किती झाली हे आम्हांस कळवू नकोस. परत फिरलास ते कळव."

गेल्या माघात ते निघाले. जाताना आगगाडीने चेन्नईपर्यंत. येताना विमान होते, म्हणून शेवटचा एक दिवस त्यांनी वेळापत्रकात मोकळा ठेवला होता. अशा बुडीनंतर चोवीस तास तरी विमानात बसू नये, उंचावर दाब कमी होऊन अंगात उरलेला नत्रवायू पुन्हा उचल खातो. स्थानकावर मित्रमंडळींनी शुभेच्छा म्हणून अंगठे वर केले, तेव्हा ते आणि आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो. गाडी हलली तेव्हा आम्हीही अंगठा वर केला. त्याचा अर्थ त्यांस कळला.

चौथ्या दिवशी सायंकाळी दूरध्वनी आला. "बाबा, आज पहिली खोल बुडी होती. उतरलो आणि चार मीटरांवरून परत आलो. रात्रीपासून थोडी सर्दी होती, एक कान मोकळा होईना. अंगठा दाखवला."

"शिक्षक काय म्हणाले?"

"काही नाही. सगळे वर आलो आणि चहा प्यायलो."

इतक्या महिन्यांची तयारी, इतका खर्च, आणि चार मीटर! पूर्वीचे आम्ही असतो तर हळहळलो असतो. कुटुंबाने देवापुढे साखर ठेवली आणि सूनबाईंच्या हातावरही घातली. सर्दी उतरल्यावर पुढील आठवड्यात ते खोल गेले व सुखरूप घरी आले. किती खोल ते आम्ही ठरल्याप्रमाणे विचारलेले नाही. आता आम्हीही त्यांच्यापाशी पोहणे शिकत आहोत. शहरातील तलावात पाणी छातीपर्यंत आले आहे.

परवा बाजारात व्यापाऱ्याने काट्यावरून मान वर करून विचारले, "मंग गुरुजी, पोरगा किती खोल गेला जी?"

आम्ही म्हटले, "चार मीटर. आणि परत आला."